एव्हांथियाने पोरीला घालवलं

आमच्या गावात एव्हांथियाशी आता धड कोणी बोलत नाही. मी बोलतो, पण माझं बोलणं म्हणजे निम्मं भांडणच असतं, तेव्हा ते धरू नका. तिने गावाचा घात केला असं सगळे म्हणतात. मीही म्हटलं होतं, आणि तेही चौकात उभं राहून, चांगलं मोठ्याने.

ग्रीसच्या डोंगरातला रस्ता जिथे संपतो तिथे आमचं गाव, आनो व्रिसी. हिवाळ्यात इथे अकरा डोकी उरतात, आणि त्यातलं सगळ्यात तरुण डोकं माझं, सदुसष्ट वर्षांचं. एव्हांथिया माझ्याहून बरीच मोठी. गावात शाळा होती तेव्हा ती तिथे शेगडी पेटवायची, फरशी पुसायची, पोरांना जेवण वाढायची. शाळा बंद पडली तरी ही बाई अधूनमधून जाऊन शाळेच्या खिडक्या पुसून यायची. मी विचारलं, "कोणासाठी गं हे?" तर म्हणाली, "तुझ्यासाठी, कॉस्मा. या वयात तरी तुझे पाढे पाठ होतात का बघू." नवरा कधीच गेला. मुलगी थेसालोनिकीला, मुलगा जर्मनीत. दोघंही तिला "आता आमच्याकडे चल" म्हणायची आणि ती फोनवरच त्यांची खरडपट्टी काढायची. स्वतःच्या घरात मरायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

आता शाळेचं आणि आमचं नातं सांगतो. शाळा चालू असली की मास्तर वर यायला हवा, म्हणून बर्फ काढणारी गाडी येते. ती आली की डॉक्टर येतो, औषधं येतात. शाळा नाही तर बर्फ पडल्यापासून वितळेपर्यंत आम्ही म्हातारे आणि देव, मध्ये कोणी नाही. म्हणून आम्ही ठरवलं, एखादं बिऱ्हाड बोलवायचं. राहायला घर फुकट, चालवायला चौकातलं कॉफीघर. अट एकच, शाळेच्या वयाचं एक तरी मूल हवं. ही कल्पना एव्हांथियाचीच.

एका सप्टेंबरात पिरेअसहून उरानिया आली. नवरा जहाजावर, शहरातलं भाडं परवडेना. बरोबर सात वर्षांची थालिया. शाळा उघडली, खालच्या शहरातून मास्तर यायला लागला, आणि वर्गात थालिया एकटी.

पोरीने पहिले कित्येक दिवस नुसता आकांत मांडला. जेवायची नाही, बोलायची नाही. दुपारभर बूट आणि कोट घालून घराच्या पायरीवर बसायची, आत्ता बस येईल आणि परत जायचं, अशी. उरानिया कपबश्या विसळता विसळता डोळे पुसायची. आमचं धाबं दणाणलं. पोर रुळली नाही तर आई तिला घेऊन जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. सगळ्यांनी एव्हांथियाला गाठलं.

"तू शाळेत होतीस, तुला पोरं कळतात."

"सोपवा माझ्यावर," ती म्हणाली. "पण तुम्ही लुडबुड करायची नाही."

आम्ही अर्थातच लुडबुड केली. दर घरातून काही ना काही गोड यायचं, पोरीचं पोट बिघडायचं. मी लाकडाची घोडी करून दिली. झीसिसने, हा माझा शेजारी, छाती अधू पण उत्साह दांडगा, लपाछपी काढली. आम्ही लपायचो म्हणजे खुर्चीमागे उभे राहायचो. एकदा मी हौसेने लाकडांच्या ढिगामागे बसलो तर मला उठवायला तिघं लागले. पोर तेव्हा पहिल्यांदा हसली. त्या रात्री कॉफीघरात आम्ही दारू प्यालो, जणू कोणाचं बारसं होतं.

पण खरं काम एव्हांथियाने केलं. ती पोरीला काही समजवायला गेली नाही, नुसती बरोबर घेऊन फिरली. कोंबड्यांचं दाणापाणी, रानातली भाजी खुडणं, शनिवारी कबरींवरचे दिवे लावणं. थालियाला दिव्यात तेल घालायला आवडायचं. हळूहळू तिला कुठल्या कबरीत कोण आहे, कशाने गेला, मागे कोण उरलं, सगळं पाठ झालं. वाटेत दर दाराशी थांबून ती विचारायची, "रक्तदाब कसा आहे आज?" म्हाताऱ्यांना आणखी काय हवं! "आमची छोटी आजी आली," म्हणायचो आम्ही. हात पाठीमागे बांधून चालायची, बसताना 'आई गं' म्हणायची, आभाळाकडे बघून हवामान सांगायची. मास्तरसुद्धा म्हणाला, फार समंजस मुलगी आहे. वसंतापर्यंत गावभर एकच वाक्य होतं: पोर रुळली. मी एव्हांथियाला इतकं खूश तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यावर आमच्याकडे मेरीमातेची जत्रा भरते. गावातून गेलेले सगळे आपापली मुलंनातवंडं घेऊन येतात. देवळाच्या अंगणात कोकरू भाजत होतं, क्लॅरिनेट वाजत होतं, आणि वीसेक पोरं नुसती उधळली होती. थालिया कधीची या दिवसाची वाट बघतेय, असं आपलं आम्हीच म्हणत होतो. ती बाकावर दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्याच वयाची एक मुलगी चेंडू घेऊन आली.

"येतेस खेळायला?"

"नको गं बाई," थालिया म्हणाली. "गुडघे दुखताहेत माझे. पाऊस येणार बहुतेक."

सगळा बाक हसून लोळायला लागला. मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ती मुलगी थालियाकडे विचित्र नजरेने बघत पळून गेली.

एव्हांथिया हसली नाही. तिने पोरीला हाताला धरून पोरांत नेऊन उभं केलं. "हिलाही घ्या रे." त्यांनी घेतलं, राज्य दिलं. थालियाने हळूहळू आकडे मोजले. पोरं चहूकडे पळाली, एक तर तिच्या समोरूनच गेलं. ती जागची हलली नाही. थोडा वेळ बघत राहिली, मग हात पाठीमागे बांधून परत बाकापाशी आली. "किती धावतात ही कार्टी. पडतील कुठेतरी."

पुन्हा हशा. एव्हांथियाचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कॉस्मा, वर्षभरात ही पोर एकदाही धावलेली नाही. कोणाबरोबर धावणार होती?"

दुसऱ्या दिवशी ती कॉफीघरात आली तेव्हा मी तिथेच होतो.

"उरानिया, शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला घेऊन जा इथून."

उरानियाला वाटलं थट्टा चाललीय. "काय म्हणता, मावशी! आत्ता कुठे ती हसायला लागलीय. रुळलीय आता."

"रुळलीय म्हणूनच सांगते. रडत असती तर ठेवून घेतली असती."

"अहो, जाऊ कुठे? लामियाला बहिणीच्या दोन खोल्यांत? तुम्हीच बोलावलंत ना आम्हाला!"

"हो, मीच बोलावलं. आमचे रस्ते मोकळे राहावेत म्हणून बोलावलं. तुझी पोर सात वर्षांची म्हातारी झालीय आणि आम्ही बसून हसतोय."

मग मी उठलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. रस्ता बंद होईल, माणसं मरतील, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळं. "आणि तुझं काय?" मी ओरडलो. "पोरं तुला उचलून नेतील जर्मनीला!"

"माझं मी बघीन," ती म्हणाली. "तू खाली बस. तुझा रक्तदाब वाढेल."

उरानिया चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने सामान बांधायला घेतलं. आई होती शेवटी, जत्रेत बाकावर बसलेली पोर तिनेही पाहिली असणार.

बस आली तेव्हा निरोपाला गावातलं कोणी आलं नाही, एव्हांथिया आणि मी सोडून. थालियाने तिचा एप्रन दोन्ही मुठींनी धरला होता.

"मी नाही जाणार. तिथली पोरं धावतात. मला नाही येत."

"येईल."

"तू चल मग."

"मी नाही येणार."

"का?"

एव्हांथियाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला पोरांचा कंटाळा आलाय आता. जा, बस थांबलीय."

थालियाने मुठी सोडल्या. इतकं क्रूर बोलणं मी त्या बाईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि आमचं भांडण माझ्या लहानपणापासूनचं आहे. बस वळणाआड गेली तरी ती तिथेच उभी होती. मी घरी चल म्हटलं तर म्हणाली, "तू जा." गेलो.

शाळा उघडली नाही. जानेवारीत बर्फ पडला आणि गाडी आली नाही. झीसिसच्या छातीत कळा यायला लागल्या तेव्हा त्याला शिडीवर बांधून आम्ही खालच्या रस्त्यापर्यंत नेलं. वाचला, पण मुलाने त्याला पुन्हा वर पाठवलं नाही. एव्हांथियाच्या मुलीने कळवून टाकलंय, बर्फ वितळला की तिला न्यायला येणार. यावेळी एव्हांथियाने खरडपट्टी काढली नाही.

मध्यंतरी उरानियाने मला फोन केला. थालियाची लामियातली शाळा मोठी आहे, मुलं चांगली आहेत. पण मधल्या सुट्टीत ती झाडलोट करणाऱ्या बाईशेजारी जाऊन बसते आणि तिच्या कंबरदुखीची चौकशी करते. मी हे एव्हांथियाला सांगायला नको होतं. सांगितलं. ती चुलीपुढे बसून होती, तिने एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "उशीर केला मी."

परवा रविवारी तिला लाकडं द्यायला गेलो तर फोन वाजत होता. एव्हांथिया फोनशेजारीच खुर्चीत बसलेली, हात मांडीवर.

"उचल की," मी म्हटलं. "बहिरी झालीस का?"

"थालिया आहे. दर रविवारी मधल्या सुट्टीएवढा वेळ वाजवते."

"मग उचल ना, बाई! पोर आहे ती."

"वाजू दे," ती म्हणाली. "कंटाळली की जाईल खेळायला."