सुनेचा आवाज

रेश्माचं माहेर राहात्याचं, पेरूच्या बागेतलं. लग्नाआधी ती बागेतले पोपट नुसत्या हाळीनं उठवायची. सासर मिळालं कोल्हारचं, आणि तिथला कायदा एका ओळीचा: सुनेचा आवाज ओसरीवर येता कामा नये. ओसरीवर सासरे सूर्यभानअण्णा बसलेले. माणूस वाईट नव्हता, पण नुसता खाकरला तरी घर गार पडायचं. सहा वर्षांत रेश्मा इतकं हळू बोलायला शिकली की फोनवर आई विचारायची, "जित्ती हायेस ना गं?"

आणि नशिबाची गंमत बघा, तिच्याच लेकाला, अमृतला, ऑटिझम निघाला. पाच वर्षांचा झाला तरी तोंडात शब्द नाही. दर मंगळवारी ती त्याला एसटीनं राहुरीला स्टेलाबाईंकडे न्यायची. बाई अशा मुलांना आवाजाची नक्कल करायला शिकवत. समोरासमोर बसायचं, तोंड मोठं उघडून "बाऽऽ" म्हणायचं आणि वाट बघायची. पोरानं आपणहून कसलाही आवाज काढला, तर तोच लगेच आपण काढायचा, म्हणजे त्याला खेळ कळतो.

"माझ्याकडं आठवड्यातून एक तास, बाकी सगळं तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "घरी मोठ्यानं करा. लाजायचं नाही."

बोलायला काय जातं! रेश्मा मागच्या खोलीत दार लोटून, तोंडाशी पदर धरून "बा" म्हणायची. ते अमृत सोडाच, भिंतीवरच्या पालीलाही ऐकू गेलं नसतं. तो छताकडे बघत बसायचा. एकदा जरा आवाज चढला, तर सासू लंकाबाई दारात उभी.

"आगं, मामंजी बसल्यात भाईर! आन् आडातच न्हाई, त पोहऱ्यात कुठून यायचं? दिवाळीपस्तोर बोलला त बोलला. न्हाई त राहुरीची चक्कर बंद."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडावं तर घर अंगावर येणार, गप्प बसावं तर लेक मुका राहणार. तिला सासूचा राग यायचा, टेम्पो घेऊन दिवसभर बाहेर राहणाऱ्या नवऱ्याचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी सासू-सासरे लोणीला कुणाच्या तरी दहाव्याला गेले. रेश्मानं अमृतला पुढ्यात बसवलं, पदर कमरेला खोचला आणि कोंडून ठेवलेला सगळा आवाज सोडला.

"बाऽऽऽ!"

अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या. अमृत दचकला. त्याची नजर छतावरून खाली आली आणि थेट तिच्या तोंडावर थांबली. मग त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ."

रेश्मानं ते बोट ओळखलं. ही नक्कल होती, हुबेहूब तिचीच. तो रडला-किंचाळला की ओसरीकडे भेदरून बघत ती त्याला जन्मापासून हेच करत आली होती. बाईंच्या आधी ती त्याला शिकवून बसली होती.

हसावं की ऊर बडवून रडावं, तिला कळेना. पण आवाज निघाला होता, आणि तो लगेच परत द्यायला हवा होता. तिनं बोट ओठांवर नेलं.

"शूऽऽ."

अमृत खुदकन हसला आणि पुन्हा म्हणाला. मग तीही म्हणाली. रिकाम्या घरात मायलेकरं एकमेकांना गप्प करत बसली.