सेल्वमला आधी विचारा

माझ्या बायकोला यातलं अर्धं माहीत होतं. ते घेऊन ती गेली. उरलेलं अर्धं आजवर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही — तिलाही नव्हतं. आता घरात ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून कागदावर लिहितो. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. वाचायचं तर वाचा, नाहीतर ठेवून द्या.

एका माणसाला आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर भर उन्हात मारून लोळवलं होतं. मद्रासच्या कडेला, अंबत्तूरला. सळईने, हेल्मेटने, जेवणाच्या डब्याने — ज्याच्या हातात जे होतं त्याने. त्याचे दात मातीत पडलेले मी बघितले. तीस-चाळीस माणसं होती. पोलिसांनी विचारलं, सुरुवात कुणी केली? कुणालाच सांगता येईना. खरंच येत नव्हतं. कारण सुरुवात त्या फाटकावर झालीच नव्हती —

पण असं नाही कळायचं. थोडं मागून येतो.

मी मूळचा मिरजेकडचा. विसाव्या वर्षी चुलत्याच्या मागोमाग मद्रासला आलो आणि इथेच मुरलो. प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होतो, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनमध्ये साचा बसवणारा. बायको सरोजा तंजावरची मराठी. तिची माणसं कैक पिढ्या तिकडची. शब्द आपले, पण चाल तमिळ. लग्नानंतर वर्षभर तिच्या बोलण्याला मी हसायचो आणि माझ्या तमिळला ती. ती सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. घरातलं लिहायचं-वाचायचं सगळं तिच्याकडे. मी फक्त सही करायचो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कारखान्यात निर्मला नावाची मुलगी आली. अड्यारहून स्कूटरवर यायची. काम काय, तर कंपनीने कामगारांशी आणि कामगारांनी कंपनीशी बोलावं, ते बघायचं. आम्ही हसलो. कंपनीला तोंड होतं कधी? तिने कँटीनमध्ये दोन कॉम्प्युटर ठेवले आणि ब्लॉग सुरू केला. म्हणाली, "संडासाच्या भिंतीवर तुम्ही लिहिताच. मग मीच एक भिंत देते. नाव नको. भाषा कुठलीही. संध्याकाळच्या आत उत्तर मिळेल, आणि काहीही पुसलं जाणार नाही."

आणि पोरीने ते केलं हो. कुणीतरी लिहिलं, सांबारात डाळ शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आमच्या रांगेत ताट घेऊन उभा. जेवला आणि ब्लॉगवर लिहिलं — आज मीही शोधली, सापडली नाही. आठवड्यात सांबार घट्ट झालं. संडासाच्या कड्या लागल्या. शिफ्टची बस वेळेवर यायला लागली. तीस वर्षांत युनियनने जे केलं नाही ते त्या भिंतीने सहा महिन्यांत केलं. चहाच्या सुट्टीत एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बहुतेक लिखाण तमिळ, पण इंग्रजी अक्षरांत, कारण कॉम्प्युटरवर तीच होती. माणसं तिथे खरं बोलायला लागली होती. ती भिंत मी वापरली. कशाला, ते सांगतो.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येतं. हात बटणांवर, म्हणजे साच्यात नाहीत — एवढाच अर्थ. मी साचा बसवताना एका बटणात लाकडाची पाचर मारायचो, म्हणजे माझा एक हात मोकळा. काम झालं की पाचर काढायची. इलेक्ट्रिशियन सेल्वमने एकदा बघितलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बडबड्या. मला "मराठा अण्णे" म्हणायचा. म्हणाला, "अण्णे, लाकूड वेंडां. ही बाई सासूपेक्षा वाईट, बोट दिलं की हात मागते." वेंडां म्हणजे नको. तो हसला, मीही हसलो. जवळ दुसरं कुणी नव्हतं. म्हणालो, बरं, पुन्हा नाही.

महिन्याभराने पाचर काढायची राहिली.

कन्नन म्हणून कामगार होता, दोन मुलींचा बाप. त्याने एक हात साच्यात घातला, दुसऱ्या हाताचं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं. तीन बोटं. ओरडला नाही तो. नुसता हाताकडे बघत राहिला, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. पत्र्यावर रक्त पसरलं, माणसं धावली — आणि मीही धावलो. कुठे? कन्ननकडे नाही. बटणाकडे. पाचर उपटली आणि खिशात घातली.

आता मशीन आपसूक खाली आलं असं झालं. आणि मशीन आपसूक खाली येतं म्हणजे वायरिंगचा दोष. आणि वायरिंग म्हणजे सेल्वम. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी अडाणी आहे, मूर्ख नाही.

दुपारपर्यंत निर्मलाने ब्लॉगवर लिहिलं — कन्ननचं काय झालं, ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा. परवा चौकशी बसेल. चौकशीत सेल्वमला बोलावणार. तो लाकडाचं बोलणार. मला रिटायरला दोन वर्षं होती. त्याने तोंड उघडायच्या आत माझं काहीतरी त्या भिंतीवर पडायला हवं होतं, म्हणजे बोट त्याच्याकडे वळलं असतं.

घरी गेलो आणि चिठ्ठी लिहिली. आमचे प्लँटचे मोठे साहेब पुण्याचे, त्यांना कळावं म्हणून मराठीत — असं सरोजाला सांगितलं. सेल्वमला आधी विचारा, एवढेच शब्द. मशीनवरच्या पाट्या वाचून इंग्रजी अक्षरं मला ओळखीची होती, जमली तशी जोडली. तिरुवल्लिकेणीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाला ब्राउझिंग सेंटर होतं, तिथे तिला घेऊन गेलो. कँटीनच्या कॉम्प्युटरवर कोण लिहितंय ते दिसलं असतं.

ती टाइप करता करता थांबली.

"अहो, हे काय, ए-डी-आय? हे आपलं आधी नव्हे. कारखान्यातली माणसं हे 'अडि' वाचतील."

अडि म्हणजे तमिळमध्ये मार. ठोक.

"आणि पुढं विचारा आहे," ती म्हणाली. "तमिळमध्येही विचारि म्हणजे चौकशी कर. अय्यो, पोलीस म्हणतात तसं झालं की हो — सेल्वमला मारून चौकशी करा. थांबा, मध्ये एक एच घालत्ये."

चिठ्ठी लिहिताना मला हे ठाऊक होतं का? नव्हतं. खरंच नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी या नव्हतंवर झोपलो. पण तिने सांगितलं तेव्हा? तेव्हा तर कळलं ना?

मी म्हणालो, "नको."

"नको म्हणजे?"

"आहे तसं टाक."

ती माझ्याकडे बघत राहिली. कन्ननची बोटं गेल्याचं तिला माहीत होतं. पाचरीचं नव्हतं. तिला वाटलं, नवरा संतापलाय, त्याला सेल्वमच दोषी वाटतोय. तिने बटण दाबलं. तीस वर्षं माझं ऐकत आली होती, त्या दिवशीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ते मोठ्याने वाचलं गेलं. वाचणाऱ्याने एकदा वाचलं, मग हळू, एकेक शब्द तोडून. सेल्वम. अडि. विचारि. बाकीचं मोडकंतोडकं वाटलं असेल, पण हे तीन शब्द कँटीनभर फिरले. कुणीतरी टेबलावर ग्लास आपटला. कन्ननचं रक्त अजून प्रेसच्या फटींत होतं, धुऊन निघालं नव्हतं. मी समोर बसलो होतो. चहा प्यालो.

निर्मलाने खाली लगेच लिहिलं — मारहाणीची भाषा इथे नको. ज्यांनी लिहिलं त्यांनी अर्थ सांगावा, नाव नको, फक्त अर्थ. मोठे साहेब असते तर मराठी ओळखून त्यांनीच सांगितलं असतं. पण साहेब त्या आठवड्यात पुण्याला गेले होते. आणि ते मला माहीत होतं.

म्हणजे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत माझ्याकडे वेळ होता. तोंडाने सांगायलाही चाललं असतं — अरे, मराठी आहे ते, विचारा म्हणतोय. सहा तास. त्या सहा तासांत मी दोन साचे बसवले.

चार वाजता सेल्वम सायकल घेऊन फाटकाबाहेर आला. पहिला फटका पाठीत बसला. तो वळून हसला, त्याला चेष्टा वाटली. दुसरा तोंडावर. मग तो दिसेनासा झाला. नुसते हात वर-खाली आणि आवाज — ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. "वायर कुणी तोडली? सांग! कन्ननची बोटं आण!" तो काहीतरी सांगत होता, तोंडात रक्त असल्यावर जसं कळत नाही तसं. एकाने सळईने त्याचा गुडघा फोडला. ते मोडणं ऐकू आलं.

मी मागे उभा होतो. इथपर्यंतच मी मनाशी कबूल करायचो — मागे उभा होतो. ते खोटं आहे.

कुणीतरी ओरडलं, "मराठा अण्णे, तुम्ही का लांब? तुमचा नातेवाईक आहे का?" सगळे वळले. मी गर्दीत शिरलो. माझ्या पायात कारखान्याचे बूट होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. तो कुशीवर पडला होता, हात तोंडावर. मी त्याच्या कानावर लाथ घातली. एक नव्हे. दोन. दुसरी कुणी मागितली नव्हती. दुसरी मारताना मला — लिहितोच — बरं वाटलं. जणू पाचर त्यानेच मारली होती. जणू त्यानेच मला हे सगळं करायला लावलं होतं.

सेल्वम दीड महिना इस्पितळात होता. गुडघा गेला, डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, मागच्या दोन महिन्यांचं त्याला काही आठवत नाही. हे ऐकलं त्या संध्याकाळी मी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळात नारळ फोडला. चौकशीत वायरिंगवर ठपका आला. ज्यांनी त्याला मारलं होतं त्या सगळ्यांना तो दोषीच हवा होता, त्यामुळे कुणी जास्त खोदलं नाही. त्याची नोकरी गेली. निर्मलाने ब्लॉगवर शेवटचं लिहिलं की नाव न लिहिण्याची मोकळीक मी दिली, चूक माझी. राजीनामा देऊन गेली. पुढे ब्लॉग चालू राहिला, पण नाव सक्तीचं झालं. मग त्यावर वाढदिवस आणि दिवाळीच्या शुभेच्छा येत. सांबार पुन्हा पातळ झालं.

आणि सरोजा? मी घरी आलो तेव्हा तिला शेजारणीकडून कळलं होतं. बुटांवरचं रक्त तिने बघितलं, तिला वाटलं मी त्याला उचलायला गेलो होतो. मी वाटू दिलं. तिने कोपऱ्यात बसून बूट धुतले. त्यानंतर आमच्या घरातून एक शब्द गेला. अगोदर ती म्हणायची, आधी जेवा, आधी हात धुवा. मग "पहिले जेवा" म्हणायला लागली. मरेपर्यंत.

दर शुक्रवारी ती डबा घेऊन कुठेतरी जायची. मला म्हणायची, देवळात. ती सेल्वमच्या घरी जात होती. हे मला ती गेल्यावर कळलं, तेराव्याला, जेव्हा सेल्वमची बायको दारात उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत, सेल्वम. केस पांढरे झालेले.

दोघं रडत होती. माझ्या बायकोसाठी.

तो माझ्याशेजारी चटईवर बसला. माझा हात धरला. म्हणाला, "अण्णे, अक्का आमच्या घरची देवी होती. मी पडून होतो तेव्हा आमची चूल तिने पेटती ठेवली. तुम्हीच पाठवत होता ना? ती तुमचं नाव सांगायची."

मी त्याच्याकडे बघितलं. घरात माणसं होती, पण आमच्याजवळ कुणी नव्हतं. मी काहीतरी बोललो — काय, ते मलाही आठवत नाही.

तो वाकला, कानाशी हात नेला. "ह्या बाजूला या अण्णे," म्हणाला. "तिकडून मला ऐकू येत नाही."

मी उठलो. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. तो चेहरा जवळ आणून वाट बघत होता.

मी म्हणालो, "जेवून जा."