दुपारचं मीटर

मला माझ्या धाकट्या दिराने फसवलं आणि मी चोर ठरवलं भलत्यालाच.

शनिवार पेठेतलं दुकान आम्हा दोघांच्या भागीदारीत होतं. कॉम्प्युटर जोडून आयटी कंपन्यांना भाड्याने द्यायचो. दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरमधल्या मेमरीच्या पट्ट्या गायब होऊ लागल्या, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, दुकानात स्क्रूड्रायव्हर कोणाच्या हातात असतो?" मी भडकले. वर्ध्याहून आलेल्या आमच्या कारागिराला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं, महिनाअखेरीस निघायला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, आधी शोधून तर बघा."

सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीनेही रीतसर चौकशी मागितली. मग मी एक तपासनीस नेमले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या फीवरून मी तासभर घासाघीस केली.

"बाई, एवढी हुज्जत चोराशी घातली असतीत, तर माझी गरजच पडली नसती."

त्यांनी कोणाला दरडावलं नाही. दुपारी एकला आम्ही शटर ओढायचो, चारला उघडायचो. दोन्ही वेळेस ते विजेच्या मीटरचा आकडा टिपून घेत. आठवड्याने त्यांनी विचारलं, "बंद दुकानात वीज कोण जाळतं?"

काढलेली पट्टी चालते का, हे बघायला कोणीतरी कॉम्प्युटर लावत होतं. कारागीर तेव्हा खानावळीत असायचा. किल्ल्या दोनच: एक माझ्या पर्समध्ये, दुसरी दिरांकडे. तरी तपासनीस म्हणाले, "हा संशय झाला, पुरावा नव्हे." त्यांनी पट्ट्यांवर माझ्याच नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले. पंधरवड्यात ठिपकेवाल्या पट्ट्या बिबवेवाडीला, दिरांच्या मेव्हण्याच्या दुकानात मिळाल्या.

अहवाल वाचून कंपनीने काम आमच्याकडेच ठेवलं, वर आणखी एका ऑफिसचं दिलं. दिरांची भागीदारी मी मोडली. कारागिराची माफी गिऱ्हाइकांसमोरच मागितली. फार जड गेलं. तो म्हणाला, "मॅडम, साहेबांची फी वसूल झाली म्हणायची!" आज तो माझा भागीदार आहे. प्रत्येक पट्टीला नंबर आहे आणि मला दुपारी झोप लागते.

दीर लग्नकार्यात भेटतात, "झालं गेलं विसरा, वहिनी," म्हणतात. माल गेला ते विसरेन एक वेळ. पण भाऊजी, एका सरळ माणसाच्या पोटावर पाय आणायला तुम्ही मला लावलंत. दुकानात या, त्याच्यासमोर उभे राहा आणि त्यालाच सांगा, असं का केलंत?