काजूची बोटं

गोदा लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलाच्या तेलानं तिची बोटं कायमची काळी पडली होती, त्याचं तिला आता काही वाटत नसे. पण यंदा मेच्या सुट्टीत कारखान्यातल्या इतर बायकांसारखं तिनंही लेकीला, राहीला, सोबत नेलं होतं, आणि उद्यापासून राहीची पाचवीची नवी शाळा. दिवसभर राबून आलेली गोदा लेकीची बोटं राखेनं घासत बसली. काळं काही जाईना.

"आये, पुरे गो, आग होतेय."

"गप बस! बाई काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी राही घरी आली.

"काय विचारलं बाईंनी?"

"सोपं होतं. सगळ्यांना येत होतं. पण एकाही पोरीनं बाकाखालचा हात वर केला नाय."