बांध कुणी घातला?
ओल्या फळ्याचा वास आला की महायुद्धाच्या काळातली कर्जतची शाळा आठवते. मास्तरांनी आम्हा मोठ्या मुलांना घरी विचारून वंशावळ आणायला सांगितली होती. ती फळ्यावर मांडली, तर माझा आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाचा खापरपणजोबा एकच निघाला. आमच्या दोन्ही घरांत शेताच्या बांधावरून बोलणंच बंद होतं. मी धावत घरी गेलो. “बाबा, ते आपले भाऊबंद हायत!” विळ्याला धार लावत वडील म्हणाले, “म्हणून तर बांध एक हाय, रं.” “मग तो घातला कुणी?” त्यांचा हात थांबला. “मलापण ठावं नाय. त्यांच्या म्हाताऱ्याला इचारून ये.” मला दारात बघून म्हातारा चमकला, मग आत बसवून त्यानं ताक दिलं. बांध कुणी घातला ते आजही कळलेलं नाही. जाणं-येणं मात्र सुरू आहे.