वाव म्हणजे किती

तेलाच्या रिगचे सुटे भाग नदीने जाणार होते आणि कंपनीला सोबत एक इंजिनिअर हवा होता. मी आधी हात वर केला, मग नवऱ्याला विचारलं.

कॅनडातल्या आमच्या एडमंटनहून 'हे रिव्हर' नावाचं गाव गाडीने दोन दिवसांवर. वाटेत हाय लेव्हल गावात मुक्काम करा, टाकी तिथेच भरा; पुढे पंप क्वचित. पोळीचे रोल सोबत घ्या. झाडं बुटकी होत जातात. बायसन रस्त्यात उभे असतात. हॉर्न वाजवू नका, त्यांना फरक पडत नाही.

धक्क्यावर आमची बार्ज होती, सपाट, लोखंडी. मागून टगबोट ढकलणार. तेलविहिरीपर्यंत उन्हाळ्यात रस्ता नाही. मॅकेन्झी नदी हाच रस्ता.

पाइपांवरचा एक पट्टा सुटत नव्हता. "अहो, सुटा ना," मी पुटपुटले.

"ताई, पुण्याच्या का?" मागून आवाज आला. "पट्ट्याला अहो-जाहो?"

हा डॉमनिक, अर्नाळ्याचा. आधी बापाची होडी, मग जहाजं, मग इथे. मेट म्हणून, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी म्हणून, ही त्याची पहिली फेरी.

"पाणी रोज उतरतंय. बार्ज रुतली तर मी परत दोर ओढायला."

मॅकेन्झीवरच्या पुलाखालून गेल्यावर नदी उथळ झाली. डॉमनिक खोली मोजायची खुणांची काठी घेऊन पुढच्या टोकाला उभा राहिला. रेडिओवर त्याचे फुटांचे आकडे येत होते. नाइन. एट. सेव्हन. मग तो ओरडला, "वाव!"

कॅप्टनबाईंनी इंजिन मंद केलं. कुकला ते इंग्रजी 'वॉव' वाटलं; तो कॅमेरा घेऊन धावला. "व्हेअर इज द बेअर?"

डॉमनिकने कपाळाला हात लावला. मग दोन्ही हात पसरले. "एक वाव म्हणजे एवढं. सिक्स फीट. घाबरलो की बापाचं माप तोंडात येतं."

बार्जला पाच फूट पाणी पुरत होतं.

"सो वन वाव इज गुड?" कॅप्टनबाई रेडिओवर म्हणाल्या.

"गुड, कॅप्टन."

"देन से वाव. व्हेन यू से फीट, युवर व्हॉइस शेक्स."

तासभर तेवढंच ऐकू आलं. वाव. वाव. एकदा तो गप्प झाला. तळाला वाळू घासली. कुकने कॅमेरा खाली ठेवला.

"वाव."

त्या दुपारी कुकने तळलेला मासा वाढला. डॉमनिकने तीनदा घेतला.

नॉर्मन वेल्सला, तेलविहिरीच्या गावी, क्रेनने पाइप उचलले. पुढच्या फेरीच्या यादीत मेटसमोर त्याचंच नाव होतं. मी विमानाने परतले; तिकीट आधीच काढा, जागा थोड्या.

घरी बूट काढतानाच मुलीने विचारलं, "आई, हाऊ डीप वॉज द रिव्हर?"

मी दोन्ही हात पसरले. "वाव."

"वाव," ती म्हणाली.