भेगेचा रमजान

सत्तार पिंजारी एकोणीस वर्षं एका भेगेची राखण करत होता. ऐकायला हसू येईल, पण सरकारी कामच होतं ते. चाळीसगावच्या पलीकडे एक जुनं दगडी धरण आहे. त्याच्या भिंतीला उभी भेग, भेगेच्या दोन्ही अंगांना पितळी खुंट्या. रोज दुपारी दोन वाजता त्या खुंट्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं आणि रजिस्टरात तारीख, वेळ, आकडा लिहायचा. पाऊस असो, ऊन असो, घरी लग्न असो, सत्तारने एक दिवस चुकवला नाही. बायको शहनाज म्हणायची, माझी तब्येत कधी इतकी बघितली नाहीत.

भिंतीखालच्या वस्तीतली यशोदाबाई शेळ्या घेऊन रोज तिथेच असायची. वर बघून विचारायची, "सत्तारभाऊ, भित बरी शे ना?" हा म्हणायचा, "बरी शे, अक्का." आता आकडा केसाएवढा वाढला हे शेळीवालीला सांगून काय करायचं!

यंदा जानेवारीत जळगावच्या ऑफिसातून बोलावणं आलं. तिथे रुची जैन नावाची नवी इंजिनिअर होती. तिच्या घरच्यांचं मेहरूणला कापडाचं दुकान. चांगला गल्ला सोडून पोरगी धरणं कसली मोजते, हे त्यांना अजून कळलेलं नाही. तिने सत्तारची एकोणीस वर्षांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली होती. पडद्यावर एक लांबच लांब रेघ होती. हिवाळ्यात चढणारी, उन्हाळ्यात उतरणारी, आणि हळूहळू एकंदरच वर सरकणारी.

पण मध्ये एक खोट होती. दरवर्षी महिनाभर आकडे एकदम वर उचलले जायचे आणि एका दिवसात पुन्हा खाली यायचे. बरं, तो उंचवटा एका जागी थांबेल तर ना! पहिल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस आधी, असा मागे सरकत सरकत तो मार्चात आला होता. दगड असा वागत नाही, रुची म्हणाली. मोठ्या साहेबांनी तर निकालच दिला होता: आकडे घरी बसून भरलेत. रजिस्टरं बाद करा, यंत्र बसवा, तीन वर्षं नवे आकडे गोळा करा, मग दुरुस्तीचं बघू.

घरी बसून! सत्तारच्या कानशिलात आग पेटली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यावरच्या तारखांकडे त्याचं लक्ष गेलं. प्रत्येक उंचवटा संपत होता तो दिवस त्याला पाठ होता. ती ईद होती.

पहिल्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या उन्हात रोजा धरून तो भिंतीवर चढला आणि चक्कर येऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून सहेरी खाऊन, नमाज उरकून पहाटेच जाऊ लागला. भेग काय पळून जाते होय, असं त्याला वाटलं. साहेबांचा हुकूम दोनचा, म्हणून वेळेच्या रकान्यात दोनच लिहिले. मग दर रमजानात तेच.

निवृत्तीला अडीच महिने उरले होते. सरकारी रजिस्टरात खोटी वेळ लिहिली म्हटल्यावर पेन्शन अडकणार, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. गप्प बसायला काय जात होतं? माहीत नाही म्हणायचं आणि चाळीसगावची गाडी पकडायची. पण तीन वर्षं ती भिंत तशीच राहणार होती, आणि खाली यशोदाबाई. तिला रोज बरी शे म्हणणारा हाच होता.

"मॅडम," तो म्हणाला, "हा रमजान आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रुचीला कोडं सुटलं. पहाटेच्या गारव्यात दगड आकसतो, भेग उघडते. दुपारी तापून फुगतो, भेग मिटते. तिने रमजानचे आकडे उचलून वेगळे मांडले. उंचवटे नाहीसे झाले. दुपारची रेघ वर चढत होती आणि पहाटेचीही तितकीच. दोन साक्षीदार, जबानी एक. एकोणीस वर्षांत भेग दीड मिलिमीटर वाढली होती, त्यातली निम्मी वाढ गेल्या दोनच वर्षांत.

फेब्रुवारीत एकाच टपालाने दोन कागद आले. धरणाचं पाणी उतरवून दुरुस्ती मंजूर, हा एक. सत्तार पिंजारी यांनी सात दिवसांत खुलासा करावा, हा दुसरा. त्याने दोन्हींवर सही केली. खुलासा एका पानाचा लिहिला, त्यात एकही सबब नव्हती. पेन्शनचं अजून काही कळलेलं नाही.

रमजान लागला तसं रुचीने दोन्ही वेळचे आकडे मागितले. आता तो पहाटेही जातो आणि कोरड्या ओठांनी दुपारीही. हे शहाणपण एकोणीस वर्षं कुठे ठेवलं होतं, असं शहनाज विचारते. सोबत पुतण्याला धाडते, चक्कर आली तर धरायला.

पहिल्या रोजाला खालून नेहमीची हाक आली. "सत्तारभाऊ, भित बरी शे ना?"

त्याने व्हर्नियर खाली ठेवला. "नई, अक्का. बरी नई शे. पन आते बठ्ठासले माहित शे, सायबासलेबी."

यशोदाबाईने काठी उचलली. मग शेळ्या हाकत भिंतीपासून लांब निघाली. सत्तारने रजिस्टर उघडलं आणि वेळेच्या रकान्यात दोन लिहिले. रमजानात एकोणीस वर्षांनी ते खरे होते.